एक दिवस, वीस पाली

सकाळी ८. रात्रभर चाललेला प्रोग्रॅम संपलाय. सह्याद्रीतल्या वीस जातींच्या पालींची वंशावळ पडद्यावर आहे. चहा घेत मी तिच्याकडे संशयानं बघते: दोन पाली एकमेकींना चिकटल्यात. दहा जातींचीच बिनमुळाची झाडं, म्हणजे मूळ पूर्वज न ठरवलेल्या वंशावळी, २०,२७,०२५ होतात. विसांसाठी हा आकडा एकवीस अंकी. सगळी तपासणं अशक्य. संगणक फांदी तोडतो, दुसरीकडे जोडतो, झाड सुधारलं तर ठेवतो.

९.३०. तक्ता तपासते. आडव्या ओळीत जात, उभ्या रकान्यात डीएनएतली एक जागा. एका ओळीत मोकळी जागा सोडायची राहिली होती, त्यामुळे पुढची सगळी अक्षरं एक घर सरकलेली. दुरुस्त करून प्रोग्रॅम पुन्हा लावते.

११. नवी विद्यार्थिनी विचारते, “ताई, बदल मोजायचे कसे?” फळ्यावर फिच या शास्त्रज्ञाची १९७१ची रीत. टोकांकडून मुळाकडे यायचं. दोन फांद्यांत सामाईक अक्षर असेल तर तेवढंच ठेवायचं. नसेल तर दोन्ही ठेवून एक बदल मोजायचा. चार पाली: दोघींत ‘ए’, दोघींत ‘जी’. सारख्यांच्या जोड्या लावल्या तर एक बदल, मिसळल्या तर दोन. कमी बदलांचं झाड पसंत.

१.३०. डबा. आज भेंडी.

२.३०. दुरुस्तीनंतरही दोन पाली एकमेकींना चिकटलेल्याच. दोघींच्या फांद्या लांबलचक, म्हणजे बदल भरपूर. डीएनएची अक्षरं चारच, इतक्या बदलांत काही योगायोगानं जुळणारच. अशा वेळी कमीत कमी बदलांची रीत फसते, आणि माहिती वाढवली तर चूक आणखी ठाम होते, हे फेल्सेनस्टाईन या शास्त्रज्ञानं १९७८मध्ये दाखवलं.

४. त्यातल्या एकीची जवळची नातलग तक्त्यात घालते. लांब फांदी मध्येच दुभंगते. आता बदल नुसते मोजायचे नाहीत. प्रत्येक बदलाची संभाव्यता धरायची. जोडी सुटते, एक पाल नव्या जागी जाते.

६. नव्या जागेची परीक्षा. रकाने चिठ्ठ्यांसारखे उचलायचे, उचललेला परत टाकायचा, असे शंभर तक्ते करून शंभर झाडं काढायची. त्यांतल्या ५८ झाडांतच ती पाल नव्या जागी बसली.

७.३०. ५८वर नातं जाहीर करता येत नाही. लेखातल्या आकृतीत त्या जागेवरच्या तीन फांद्या मी एकाच बिंदूतून काढल्या आणि दिवा मालवला.