शिसं किती पाझरतं?

भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यातला साडेतीनशे टनांच्या आसपासचा विषारी कचरा नागपूरजवळ बोरखेडीला, डीआरडीओच्या भट्टीत जाळायचा घाट २०११ साली घातला गेला. विदर्भातून कडाडून विरोध झाला, महाराष्ट्र सरकारनेही हात वर केले. अखेर जानेवारी २०२५ मध्ये त्यातला ३३७ टन कचरा मध्य प्रदेशातल्याच पीथमपूरला गेला आणि जूनअखेर जळून संपला. म्हणजे त्यातली सेंद्रिय रसायनं जळली. पारा वाफ होऊन धुराच्या वाटेला लागतो, शिसं आणि क्रोमियम बरंचसं राखेत उतरतं. धातू भट्टीत नष्ट होत नाहीत. लोकांची भीती अनाठायी नव्हती.

भोपाळचा नागपूरशी आणखी एक धागा आहे. १९५८ साली नागपुरात स्थापन झालेल्या आणि १९७४ पासून ‘नीरी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थेने त्या आवाराची तपासणी केली होती. तिच्या २०१० च्या अहवालाने शुद्धीकरणाची गरज असलेली माती सुमारे ११ लाख टन सांगितली. गोदामातल्या कचऱ्याच्या तुलनेत हा आकडा छाती दडपवणारा आहे.

अशी राख किंवा कारखान्यातला गाळ घातक आहे की नाही, हे ठरतं कसं?

गाळात एकूण शिसं किती, हा एक आकडा. पाणी त्यातलं किती सोबत नेईल, हा दुसरा. आणि शेजारच्या विहिरीचा संबंध येतो तो या दुसऱ्याशी. तो काढायच्या चाचणीला प्रयोगशाळेत ‘टीसीएलपी’ म्हणतात. १०० ग्रॅम नमुना, खडे साडेनऊ मिलिमीटरपेक्षा बारीक करून, दोन लिटर सौम्य अ‍ॅसेटिक आम्लात टाकतात. आम्ल अशासाठी, की शहरी कचरा कुजताना अशीच आम्लं सुटतात. बाटली यंत्राला अडकवून मिनिटाला ३० वेळा उलटीपालटी करतात, तीही सुमारे १८ तास. मग द्रव गाळून आयसीपी यंत्राला देतात. तिथे आरगॉन वायूच्या हजारो अंश तापमानाच्या प्लाझ्मात प्रत्येक धातू आपल्या ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश सोडतो. शिशाची एक रेषा २२०.३५३ नॅनोमीटरवर असते. ती जितकी तेजस्वी, तितकं शिसं जास्त.

घातक कचऱ्याविषयीच्या २०१६ च्या नियमांनुसार या द्रवात लिटरमागे शिसं किंवा आर्सेनिक ५ मिलिग्रॅम, कॅडमियम १ आणि पारा अवघा ०.२ मिलिग्रॅम झाला, की कचरा घातक ठरतो. कचऱ्याच्या वीसपट द्रव वापरत असल्यामुळे एक हिशेब आपोआप सुटतो: किलोमागे एकूण शिसंच १०० मिलिग्रॅमहून कमी असेल, तर सगळं विरघळूनही ते मर्यादेपर्यंत पोहोचत नाही.

विदर्भातल्या कारखान्यांचा घातक कचरा बुटीबोरीच्या सामायिक प्रकल्पात जातो. पुरण्याच्या मर्यादेत न बसणाऱ्या गाळात सिमेंट, चुना, फ्लाय अ‍ॅश मिसळून धातू जखडायचे आणि पुन्हा चाचणी घ्यायची, ही अशा कामाची रीत. पण हा काही आंधळेपणाने ओतायचा मसाला नव्हे. चुना जास्त झाला तर बसलेलं शिसं पुन्हा विरघळू लागतं. प्लेटिंगच्या गाळातलं षट्संयुजी क्रोमियम तर चुन्याला जुमानतच नाही. आधी फेरस सल्फेटसारख्या रसायनाने त्याचं त्रिसंयुजी रूप करून घ्यावं लागतं.

एवढं महागडं यंत्र असूनही निकालाची खरी मदार नमुना घेणाऱ्यावर असते. ड्रममध्ये जड कण तळाशी बसतात, वर साय धरल्यासारखा निरुपद्रवी थर येतो. वरचाच डाव भरून घेतला, तर यंत्र अगदी अचूक आकडा देईल, पण तो त्या डावाचा असेल, ड्रमचा नव्हे. म्हणून नळी थेट तळापर्यंत घालून सगळ्या थरांतला गाळ काढतात, एकजीव करतात आणि त्यातूनच १०० ग्रॅम उचलतात. बाटलीवर ठिकाण, तारीख, वेळ आणि नमुना घेणाऱ्याची सही लागते. पुढे ती कोणाच्या हातून कोणाकडे गेली, याचीही कागदावर नोंद होते. वाद कोर्टात गेला, तर वकील आधी हाच कागद मागतात.