पेटीतलं जुनं मेडल मोडीत देऊ नका; कडेवर पणजोबाचं नाव असू शकतं

देगलूर : दिवाळीची झाडलोट सुरू झाली की गल्लोगल्ली भंगारवाले फिरतात. जुन्या पेट्या उघडल्या जातात. पितळ, तांबं, फुटकी घागर सगळं काट्यावर जातं. त्यात कधी कधी एखादं गोल मेडलही जातं. ते कुणाचं, कशाचं हे घरात कुणालाच माहीत नसतं. म्हणून हा विषय आज मांडतोय. त्याची सुरुवात मात्र पुण्यातल्या एका स्मशानभूमीपासून करावी लागेल.

खडकीची भिंत

आपल्या भागातले बरेच जण कामधंद्यासाठी पुण्याला आहेत. तिथं खडकीला युद्धात गेलेल्या सैनिकांची स्मशानभूमी आहे. हिरवळीवर एकसारख्या दगडांच्या रांगा आहेत. दुसऱ्या महायुद्धातल्या १,६६८ जणांच्या कबरी तिथं आहेत. पश्चिम आणि मध्य भारतातल्या ज्या कबरींची कायम देखभाल होणं शक्य नव्हतं, त्या इथं आणल्या गेल्या.

त्याच आवारात पहिल्या महायुद्धाचं, म्हणजे १९१४ ते १९१८ चं स्मारक आहे. त्यावर १,८०० हून जास्त नावं आहेत. ही माणसं बहुतेक ब्रिटिश. ती भारतात असताना मेली आणि ठिकठिकाणच्या छावणीच्या किंवा चर्चच्या दफनभूमीत पुरली गेली. पुढं छावण्या उठल्या, झाडंझुडपं वाढली, दगड पडले. कबरी सांभाळणं जमेना म्हणून निदान नावं तरी एका जागी राहावीत, असं ठरलं. मुंबईच्या शिवडीहून तर १९६२ च्या जून महिन्यात ६२९ जणांचे अवशेषच खडकीला आणले गेले.

हे काम कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन ही संस्था करते. स्थापना १९१७ ची. साहेब असो की साधा शिपाई, दगड सारखाच, हा तिचा नियम.

मग आपल्या माणसांचं काय?

पहिल्या महायुद्धात भारतातून १३ लाखांच्या वर माणसं गेली. त्यातली सुमारे ७४ हजार परत आली नाहीत. मराठा पलटणी मुख्यतः मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात लढल्या. १०३, ११० आणि ११७ नंबरच्या मराठा पलटणी कुत गावात वेढ्यात सापडल्या. अन्न संपलं. २९ एप्रिल १९१६ ला सुमारे १३ हजार जण कैद झाले. त्यातले कितीतरी कैदेतच गेले.

आपला नांदेड जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. निजामाचं घोडदळ, हैदराबाद लान्सर्स, इजिप्त आणि पॅलेस्टाईनच्या मोहिमेवर होतं. दिल्लीत तीन मूर्ती चौक आहे ना, त्या तीन पुतळ्यांपैकी एक हैदराबादचा. बाकीचे दोन म्हैसूर आणि जोधपूरचे. हे स्मारक १९२२ चं आहे.

इराकात बसऱ्याला मोठं स्मारक आहे. ज्यांची कबर सापडली नाही अशा ४० हजारांहून जास्त जणांसाठी ते बांधलं. पण तिथं 'दगड सारखाच' हा नियम पाळला गेला नाही. गोऱ्या शिपायांची नावं कोरली. आपल्या शिपायांचा मात्र पलटणीच्या नावाखाली फक्त आकडा टाकला, अमुक इतके मेले म्हणून. २०२१ साली कमिशननं स्वतःच चौकशी अहवाल काढून ही चूक मान्य केली आणि माफी मागितली. निदान ४५ हजार जणांची नोंद इतरांच्या बरोबरीनं झाली नाही आणि १ लाख १६ हजार किंवा त्याहून बऱ्याच जास्त जणांचं नावच कुठं नाही, असं त्या अहवालात आहे. हे बहुतेक भारत आणि आफ्रिकेतले.

मोबाईलवर नाव कसं शोधायचं?

कमिशनच्या संकेतस्थळावर नाव शोधता येतं. पैसे लागत नाहीत. काही गोष्टी ध्यानात ठेवा.

१. नाव इंग्रजीत टाकावं लागतं आणि स्पेलिंग साहेबानं ऐकलं तसं असतं. दोन-चार प्रकारे टाकून बघा.

२. आडनाव बऱ्याचदा नसतं. नुसतं नाव टाका. खाली बापाचं नाव, गाव, जिल्हा दिलेला असेल तर त्यावरून ओळख पटवा. जुन्या कागदांत नांदेडचं 'नांदेर' असं लिहिलेलं सापडतं.

३. तिथं सेवेत असताना किंवा त्या कारणानं गेलेलेच असतात. पहिल्या युद्धासाठी ऑगस्ट १९१४ ते ऑगस्ट १९२१, दुसऱ्यासाठी सप्टेंबर १९३९ ते डिसेंबर १९४७ हा काळ धरला आहे. जिवंत परत आलेल्यांची नावं तिथं मिळणार नाहीत.

मेडल कसं ओळखायचं?

पहिल्या युद्धाचं मेडल बहुतेक चांदीचं किंवा काशाचं असतं. एका बाजूला राजाचं डोकं किंवा पंखवाली बाई असते. भिंगातून त्याची कड बघा. तिथं शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण बारीक अक्षरात ठोकलेली असते. ही ओळ हाती लागली की पुढचा शोध सोपा होतो. तळहातापेक्षा मोठी, जाड काशाची चकती असेल आणि तिच्यावर नाव असेल, तर ती युद्धात मेलेल्याच्या घरी पाठवलेली असते. राख किंवा चिंच लावून घासू नका, अक्षरं झिजतात. मोबाईलवर कडेचा फोटो काढून ठेवा.

मोडीत दिलं तर वजनाचे पैसे येतील आणि ते आठ दिवसांत संपतील. पण त्या कडेवरचं नाव भट्टीत गेलं की गेलं. बसऱ्याच्या दगडावर ज्याचं नाव नाही, त्याचं नाव कदाचित तुमच्या पेटीत तेवढंच उरलं असेल.

आज आपल्या गावची लेकरं भरतीसाठी पहाटे रस्त्यावर पळतात. त्यांच्याआधी कोण गेलं होतं, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना या दिवाळीत एकदा विचारा. सांगतील ते लिहून ठेवा. पेटी मात्र विचारल्यानंतरच झाडायला घ्या.