शांताबाई दाणींची आमदारकी आणि आजच्या राखीव जागा

कोल्हापूर जिल्ह्यात ग्रामपंचायतीच्या महिला सदस्यांसोबत काम करताना आमच्या कानावर एक वाक्य नेहमी पडते, "ताई, पंचायतीपर्यंत ठीक आहे, आमदारकी आपल्याला कुठली?" अशा वेळी आम्ही शांताबाई दाणी यांची आठवण करून देतो.

शांताबाईंचा जन्म १९१९ साली नाशिकमधील एका गरीब महार कुटुंबात झाला. आईने हट्टाने त्यांना शिकवले. कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्यामुळे त्या बाबासाहेबांच्या चळवळीत आल्या आणि शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या खंबीर कार्यकर्त्या झाल्या. पुढे त्यांनी बौद्ध धम्म स्वीकारला, रिपब्लिकन पक्षाचे काम केले, १९६४ च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहात भाग घेतला. नाशिकमध्ये मुलींच्या शिक्षणासाठी संस्था उभ्या केल्या. १९६८ ते १९७४ या काळात त्या महाराष्ट्र विधान परिषदेच्या सदस्य होत्या. म्हणजे आमदारकीच्या आधी दोन दशकांहून अधिक काळ त्या रस्त्यावरची लढाई लढत होत्या.

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. विधान परिषदेत जाण्याचा मार्ग जनतेच्या थेट मतदानातून जात नाही. विधानसभेचे तिकीट मिळवून निवडून येणे ही वेगळीच लढाई आहे. आमच्या जिल्ह्यात अनुसूचित जातींसाठी राखीव असलेला विधानसभा मतदारसंघ एकच, हातकणंगले. तिथे २००९, २०१४, २०१९ आणि २०२४ या चारही निवडणुकांत पुरुषच निवडून आले. जागा समाजासाठी राखीव झाली, पण समाजातल्या बाईपर्यंत पोहोचली नाही.

२०२३ च्या १०६ व्या घटनादुरुस्तीचे महत्त्व इथेच आहे. लोकसभा व विधानसभेतील एक तृतीयांश जागा महिलांना आणि अनुसूचित जातींच्या राखीव जागांपैकीही एक तृतीयांश त्याच समाजातील महिलांना, अशी ही तरतूद आहे. महाराष्ट्र विधानसभेत अनुसूचित जातींच्या २९ जागा आहेत, हे लक्षात घेतले की तिचे मोल कळते. मात्र हा कायदा राज्यसभा आणि विधान परिषदेला लागू नाही. ज्या सभागृहात शांताबाई बसल्या, तिथे महिलांसाठी आजही राखीव जागा नाही.

केवळ राखीव जागेने काम भागते का? आफ्रिकेतील रवांडाचे उदाहरण पाहू. तिथे २००३ च्या संविधानाने महिलांना किमान ३० टक्के वाटा दिला. कनिष्ठ सभागृहाच्या ८० पैकी २४ जागा फक्त महिलांच्या. २००८ मध्ये मात्र ४५ महिला निवडून आल्या आणि महिलांचे बहुमत असलेली ती जगातील पहिली संसद ठरली. २४ च्या पुढच्या जागा राखीव नव्हत्या. पक्षांच्या याद्यांत महिलांची नावे होती, म्हणून त्यांतील बहुतेक मिळाल्या.

आपल्याकडे ग्रामपंचायतीत निम्म्या जागा महिलांच्या आहेत, तरी कित्येक ठिकाणी खुर्चीजवळ नवराच बोलतो. म्हणून आमचे सांगणे साधे आहे. ग्रामसभेआधी महिला सभा घेणे कायद्याने बंधनकारक आहे. ती खरोखर भरवा. ठराव स्वतः वाचा, शंका विचारा, मगच सही करा. आणि विहारातील बैठकीत उमेदवारीची चर्चा निघेल, तेव्हा भगिनींना सतरंज्या अंथरायला न पाठवता चर्चेत बसवा. शांताबाई एका दिवसात घडल्या नव्हत्या. उद्याची हातकणंगलेची महिला उमेदवार आजच घडवावी लागेल.