एक यंत्र, अनेक खोल्या

ज्या काळी घरात एकच रेडिओ असे, त्या काळी निवडीचा प्रश्न फारसा उद्भवत नसे. दिवाणखान्याच्या कोनाड्यात तो लाकडी पेटीतला रेडिओ ठेवलेला असावयाचा, आणि ज्याला बातम्या वा गाणी ऐकावयाची असतील त्याने तेथे येऊन बसावे, असा शिरस्ता होता. कित्येक रेडिओंच्या पाठीमागे जादा स्पीकर जोडण्याची सोय असे. तेथून दोन तारा माजघरात नेल्या म्हणजे आतल्या मंडळींनाही काम करता करता गाणी ऐकता येत. दिवाणखान्यात जे चालू असेल तेच माजघरात. त्यात वाद नव्हता, कारण पर्याय नव्हता.

आज परिस्थिती निराळी आहे. संध्याकाळी आठच्या सुमारास दिवाणखान्यात मुलांना क्रिकेटचा सामना हवा असतो, स्वयंपाकघरात भावगीते हवी असतात, आणि मागील खोलीत वडीलधाऱ्यांना नाट्यसंगीत हवे असते. या तिन्ही मागण्या एकाच यंत्राने भागवाव्यात या हेतूने आपल्यापैकी अनेकजण ‘होम थिएटर रिसीव्हर’ घेतात. नवे घर बांधताना किंवा जुन्याची दुरुस्ती करताना हा विषय हटकून निघतो. यंत्र चुकीचे आले तर नुकसान सोसून का होईना, ते बदलता येते. परंतु गिलाव्याआड गेलेली तार चुकली तर भिंत फोडावी लागते. म्हणून या खरेदीविषयी चार शब्द लिहिण्याचे आम्ही योजिले आहे.

आरंभी आमचाच अनुभव सांगणे योग्य होईल. घराची दुरुस्ती झाली तेव्हा आम्ही सात चॅनेलांचा एक रिसीव्हर आणला. त्याच्या खोक्यावर ‘मल्टी-झोन’ असे ठळक अक्षरांत छापलेले होते. वडिलांना चालण्याचे कष्ट होत असल्यामुळे त्यांच्या मागील खोलीतही दोन स्पीकर बसविले. पहिल्या संध्याकाळी दिवाणखान्यात सर्व काही उत्तम वाजले. नंतर वडिलांच्या खोलीचे बटण दाबले, तो तेथे पूर्ण शांतता. “राहू द्या, माझा ट्रान्झिस्टर आहे,” एवढेच ते म्हणाले.

दुसरे दिवशी कारण समजले. सेट-टॉप बॉक्स रिसीव्हरला एचडीएमआय केबलने जोडलेला होता, आणि त्या रिसीव्हरचा दुसरा झोन एचडीएमआयवरून आलेला आवाज घेतच नव्हता. त्याला जुन्या पद्धतीच्या लाल-पांढऱ्या पिनांच्या तारेनेच आवाज द्यावा लागे. ती तार जोडताच वडिलांच्या खोलीत आवाज पोहोचला. परंतु त्याच क्षणी दिवाणखान्यातील मागचे दोन स्पीकर बंद पडले आणि मुलांनी ओरडा केला. यात यंत्राचा दोष नव्हता. दोन्ही गोष्टी माहितीपुस्तकात छापलेल्या होत्या. नमुना पाहिल्यावाचून सौदा न करणारे आम्ही, येथे मात्र खोक्यावरील एका शब्दावर विसंबलो होतो.

रिसीव्हर काय काम करतो

रिसीव्हर हे वास्तविक तीन यंत्रांचे एकत्र बिऱ्हाड आहे. सेट-टॉप बॉक्स, मोबाइल, रेडिओ यांपैकी कोणाचा आवाज घ्यावयाचा हे ठरविणे, हे त्याचे पहिले काम. त्या आवाजाची निरनिराळ्या स्पीकरांत वाटणी करणे, हे दुसरे. आणि प्रत्येक स्पीकर वाजेल इतकी शक्ती पुरविणे, हे तिसरे. ‘५.१’ याचा अर्थ पाच स्पीकर आणि खर्जाचा एक सबवूफर. ‘७.२’ म्हणजे सात स्पीकर आणि दोन सबवूफरांची सोय. ‘५.१.२’ मधील शेवटचा आकडा छताकडून येणाऱ्या आवाजाच्या स्पीकरांचा असतो. डॉल्बी अ‍ॅटमॉस ही पद्धत २०१४ पासून घरगुती यंत्रांत आल्यानंतर हा तिसरा आकडा रूढ झाला.

सात चॅनेल म्हणजे आत सात अ‍ॅम्प्लिफायर आहेत एवढेच समजावे. व्यापाऱ्याच्या भाषेत सांगावयाचे तर पेढीवर सात हमाल आहेत. त्यांपैकी दोघांना मागील वखारीत पाठविले, तर पुढे पाचच उरणार. आमच्या दिवाणखान्यातील दोन स्पीकर याच कारणाने बंद पडले.

झोन म्हणजे काय

दुसरी खोली जोडण्याच्या पद्धती दोन आहेत. पहिलीत रिसीव्हरचेच दोन अ‍ॅम्प्लिफायर त्या खोलीस देतात. यात खर्च कमी, परंतु मुख्य खोलीतील दोन स्पीकर गमवावे लागतात. ज्यांच्या दिवाणखान्यात पाचच स्पीकर आहेत, त्यांनी सात चॅनेलांचा रिसीव्हर घेऊन उरलेले दोन दुसऱ्या खोलीस द्यावेत. हा व्यवहार चोख आहे.

दुसऱ्या पद्धतीत रिसीव्हरच्या पाठीमागील ‘झोन २ प्री-आउट’ या जागेतून केवळ आवाजाचा संकेत बाहेर घेतात आणि तो एका स्वतंत्र लहान अ‍ॅम्प्लिफायरला देतात. खर्च वाढतो, परंतु मुख्य खोलीतील सर्व स्पीकर चालू राहतात. ही सोय प्रत्येक यंत्रावर नसते. स्वस्त यंत्रांवर ती पुष्कळदा गाळलेली असते. म्हणून यंत्राची पाठ स्वतः डोळ्यांनी पाहावी.

तेव्हा दुकानदारास पुढील तीन प्रश्न विचारावेत. दोन खोल्यांत दोन निरनिराळे कार्यक्रम एकाच वेळी लागतात काय? एचडीएमआयवरून आलेला आवाज दुसऱ्या झोनमध्ये जातो काय, आणि जात असल्यास तो सर्व प्रकारचा की केवळ साधा दोन चॅनेलांचा? दुसरी खोली चालू असता पहिल्या खोलीतील किती स्पीकर वाजतात? उत्तर तोंडी न घेता माहितीपुस्तकातील पानावर दाखवून मागावे. आज बहुतेक यंत्रांची माहितीपुस्तके कंपनीच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. खरेदीपूर्वी अर्धा तास त्यात घातला तर तो वाया जात नाही.

तारेवाचून येणारा आवाज

अलीकडे घरातील वाय-फायवरून अनेक खोल्यांत आवाज पाठविण्याची पद्धत रूढ झाली आहे. डेनॉन आणि मरांट्झ यांच्या यंत्रांत ‘हीऑस’, यामाहाच्या यंत्रांत ‘म्युझिककास्ट’, आणि सोनॉसची तर स्वतःची स्वतंत्र मांडणी आहे. यांत ध्यानात ठेवावयाची गोष्ट ही की, एका कुळातील स्पीकर दुसऱ्या कुळाशी सोयरीक करीत नाही. हीऑसचा स्पीकर म्युझिककास्टच्या समूहात बसत नाही. २०१८ साली आलेली अ‍ॅपलची ‘एअरप्ले २’ ही पद्धत अनेक कंपन्यांच्या यंत्रांत चालते, परंतु आवाज पाठविणारा फोन वा संगणक बहुधा अ‍ॅपलचा असावा लागतो. म्हणून पहिले यंत्र घेतानाच पुढील पाच-सात वर्षांत आपण कोणत्या कुळाचे पाहुणे घरात आणणार, याचा विचार करावा.

दुसरी अडचण वेळेची. वाय-फायवरून जाणारा आवाज खंडित होऊ नये म्हणून यंत्र तो काही काळ साठवून मग सोडते. केवळ गाणी ऐकावयाची असतील तर याने काही बिघडत नाही. परंतु दूरदर्शनचा आवाज असा शेजारच्या खोलीत पाठविला, तर तो दिवाणखान्यातील आवाजाच्या किंचित मागून येतो आणि दोन खोल्यांच्या मधील दारात उभ्या राहणाऱ्यास प्रतिध्वनीसारखा भास होतो. सामन्याचे वर्णन स्वयंपाकघरातही हवे असेल, तर तारेचा झोन बरा.

तिसरी अडचण भिंतींची. आपल्या जुन्या घरांच्या दगडी किंवा जाड विटांच्या भिंती वाय-फायला फारशी वाट देत नाहीत. दुरुस्ती चालू असतानाच राउटरपासून प्रत्येक खोलीत एक लॅन केबल टाकून ठेवावी. अशी केबल शंभर मीटरपर्यंत निर्वेध काम देते, आणि घर कितीही मोठे असले तरी तेवढे अंतर सहसा पुरते.

वॅटचा आकडा

खोक्यावरील वॅटच्या आकड्यास भुलू नये. एकाच यंत्राचे वर्णन एके ठिकाणी १७५ वॅट आणि दुसरीकडे ८० वॅट असे आढळते, आणि दोन्ही आकडे आपापल्या मापाने खरे असतात. पहिला आकडा एकच चॅनेल चालू ठेवून, एकाच सुरावर आणि आवाज दहा टक्के बिघडेपर्यंत ताणून काढलेला असतो. दुसरा दोन चॅनेल चालू असता, २० ते २०,००० हर्ट्झ या संपूर्ण पट्ट्यात, अत्यल्प बिघाडावर मोजलेला असतो. तुलना करावयाची ती दुसऱ्याच आकड्याची. या क्षेत्रातील फुगविलेल्या आकड्यांमुळेच अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनला १९७४ साली नियम करून, वॅटचा आकडा कोणत्या कसोटीवर मोजला हे जाहीर करणे बंधनकारक करावे लागले. मापाचा उल्लेख नसलेले वजन आपण मान्य करीत नाही. तोच न्याय येथेही लावावा.

शिवाय वॅट दुप्पट झाले म्हणजे आवाज दुप्पट होत नाही. तो केवळ तीन डेसिबलने वाढतो. कानास दुप्पट वाटण्यास शक्ती सुमारे दहापट लागते. म्हणून ८० आणि १०० वॅट यांतील फरकासाठी हजारो रुपये अधिक मोजण्यात अर्थ नाही. तेच पैसे चांगल्या स्पीकरांवर खर्च करावेत.

तारा आणि ओम

एकाच अ‍ॅम्प्लिफायरवर चार खोल्यांचे स्पीकर जोडून देणारे कारागीर आढळतात. हे धोक्याचे आहे. आठ ओमचे दोन स्पीकर समांतर जोडले तर यंत्रापुढील रोध चार ओम होतो. चार जोडले तर दोनच ओम उरतो. रोध जितका कमी तितका यंत्रावरील भार अधिक. दोन ओमवर सामान्य रिसीव्हर तापतो आणि बंद पडतो, प्रसंगी जळतो. खोल्या अधिक असतील तर रोध सांभाळणारा स्पीकर सिलेक्टर घ्यावा किंवा स्वतंत्र अ‍ॅम्प्लिफायर बसवावा.

तारेचा रोध स्पीकरच्या रोधाच्या पाच टक्क्यांहून अधिक नसावा, असा ठोकताळा आहे. दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची तार पंधरा मीटर अंतरावर नेली, तर जाऊन-येऊन तीस मीटरचा रोध सुमारे ०.४ ओम भरतो. आठ ओमच्या स्पीकरास ही मर्यादा झाली. त्याहून लांब खोलीस अडीच चौरस मिलिमीटरची तार घालावी. विजेच्या तारांच्या पाइपातून स्पीकरची तार नेऊ नये. तिला वेगळा पाइप द्यावा, आणि प्रत्येक खोलीकडे एक रिकामा पाइप पुढील पिढीकरिता सोडावा.

आणखी काही व्यवहाराच्या गोष्टी

परदेशी असलेले नातलग येताना तिकडून रिसीव्हर आणतात. अमेरिकेतील यंत्र बहुधा १२० व्होल्टचे असते आणि आपल्याकडील वीज २३० व्होल्टची आहे. मागील बाजूस छापलेला व्होल्टेजचा आकडा पाहिल्याखेरीज प्लग लावू नये. रिसीव्हर बंद कपाटात कोंडू नये. त्याच्या वरच्या बाजूस हवा खेळण्यास मोकळी जागा असावी.

ज्यांचे दुकान खाली आणि घर वर आहे, त्यांना घरातील एक झोन दुकानातही न्यावा असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु घरात ऐकणे वेगळे आणि ग्राहकांना ऐकविणे वेगळे. व्यापाराच्या जागी ध्वनिमुद्रित संगीत वाजविण्यास १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्कधारकांचा परवाना लागतो. त्याचा खर्च हिशेबात धरूनच तार खाली न्यावी.

सारांश, प्रथम घराची यादी करावी, मग यंत्राची किंमत विचारावी. कोणत्या खोलीत कोण बसतो, तो काय ऐकतो, कोणत्या वेळी ऐकतो, आणि त्याच वेळी इतरांना काय हवे असते, हे एका कागदावर लिहून काढावे. चित्रपट एका खोलीत आणि गाणी सर्वत्र, अशी गरज असेल तर पाच स्पीकरांचा साधा रिसीव्हर आणि इतर खोल्यांत त्याच कुळातील वाय-फाय स्पीकर पुरतात. दूरदर्शनचा आवाज दोन खोल्यांत हवा असेल तर एचडीएमआयचा आवाज स्वीकारणारा तारेचा झोन पाहावा. कागद हाती असला म्हणजे दुकानातील झगमगाट आपणास फसवू शकत नाही.

तो कागद करताना आणखी एक पथ्य पाळावे. घरातील जो मनुष्य काहीच मागत नाही, त्याची खोली यादीत प्रथम लिहावी. आम्ही ती शेवटी लिहिली होती. पुढे एक लहान अ‍ॅम्प्लिफायर आणून ती चूक आम्ही सुधारली, मुलांचे सातही स्पीकर त्यांना परत मिळाले, आणि मागील खोलीत त्यानंतर तीन वर्षे, वडील होते तोवर, रोज संध्याकाळी नाट्यसंगीत लागत असे. ट्रान्झिस्टर त्यांनी पुन्हा मागितला नाही.