लाल पडलेली हुमणी

उसाच्या मुळ्या कुरतडणाऱ्या हुमणीवर हल्ली काही शेतकरी ईपीएन सोडतात. ईपीएन म्हणजे किडींच्या जिवावर उठणारे, जेमतेम अर्धा मिलिमीटर लांबीचे सूत्रकृमी. त्यांतल्या हेटरोऱ्हॅब्डायटिस गटातल्या सूत्रकृमींची लागण होऊन मेलेली हुमणी विटकरी लाल होते आणि सहजासहजी सडत नाही. सभोवती जिवाणूंनी गजबजलेली माती, तरीही! या न सडण्यातच नव्या प्रतिजैविकांचा एक धागा सापडला आहे. त्याविषयी बरेच गैरसमज आहेत.

गैरसमज : हुमणीला सूत्रकृमी मारतो.
वस्तुस्थिती : त्याच्या आतड्यातला फोटोऱ्हॅब्डस हा जिवाणू मुख्यतः मारतो. सूत्रकृमी अळीच्या अंगात शिरून त्याला बाहेर सोडतो. जिवाणू विष पसरवतो, वाढतो, आणि सूत्रकृमीची पुढची पिढी त्यावरच पोसते. दोघांचा हा शिधा, म्हणजे मेलेली हुमणी, इतर जिवाणूंनी फस्त करू नये, म्हणून फोटोऱ्हॅब्डस प्रतिजैविकं तयार करतो.

गैरसमज : प्रतिजैविकं शोधायची ती मातीत.
वस्तुस्थिती : १९४३ साली सापडलेल्या स्ट्रेप्टोमायसिनपासून मातीनं भरभरून दिलं, हे खरं. पण ती इतकी चाळली गेली की पुन्हा पुन्हा तीच रसायनं हाती लागू लागली. बोस्टनच्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठातले किम लुईस आणि सहकारी म्हणून सूत्रकृमींच्या आतड्याकडे वळले. त्यांचा तर्क मला फार मोलाचा वाटतो. जो जिवाणू प्राण्याच्या पोटात राहतो, त्याचं रसायन त्या प्राण्याला विषारी असून चालणार नाही. शिवाय त्याचे प्रतिस्पर्धी ई. कोलायसारखेच, म्हणजे रुग्णालयात आपल्याला छळणाऱ्यांचे भाऊबंद. २०१९ मध्ये त्यांना फोटोऱ्हॅब्डसमध्ये डॅरोबॅक्टिन हे प्रतिजैविक सापडलं.

गैरसमज : जिवाणूच तो, त्याला मारण्यात काय अवघड?
वस्तुस्थिती : ई. कोलायसारख्या ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूंना बाहेरून आणखी एक पटल असतं. बहुतेक औषधं तिथंच अडतात. डॅरोबॅक्टिनला आत शिरावंच लागत नाही. त्या पटलात नवी प्रथिनं बसवणारं ‘बॅमए’ नावाचं प्रथिन तिथंच असतं, आणि डॅरोबॅक्टिन नेमकं त्यालाच जखडतं. पटलाची बांधणी थांबते, जिवाणू मरतो. उंदरांमधले ई. कोलाय आणि क्लेब्सिएलाचे संसर्ग त्यानं बरे केले. आपल्या आतड्यातल्या बॅक्टेरॉइड्ससारख्या उपयोगी जिवाणूंना मात्र ते फारसं दुखवत नाही.

गैरसमज : असलं औषध म्हणजे किड्यांच्या पोटातली घाण.
वस्तुस्थिती : जिवाणू प्रयोगशाळेत वाढवतात आणि रसायन शुद्ध करून वेगळं काढतात. किडा त्यात उरत नाही.

गैरसमज : डॅरोबॅक्टिनला दाद न देणारे जिवाणू निपजणारच नाहीत.
वस्तुस्थिती : निपजतात, प्रयोगशाळेत निपजलेही. पण ‘बॅमए’ बदलून वाचलेल्या त्या जिवाणूंची उंदरांमध्ये रोग निर्माण करण्याची ताकद घटली होती.

गैरसमज : रेणू सापडला, म्हणजे औषध आलं.
वस्तुस्थिती : डॅरोबॅक्टिन अजून औषधाच्या दुकानात नाही. मधली वाट लांब आहे, आणि पैशाचीही. प्लॅझोमायसिन या प्रतिजैविकाला अमेरिकेत जून २०१८ मध्ये मंजुरी मिळाली आणि एप्रिल २०१९ मध्ये ते बनवणाऱ्या अकाओजेन कंपनीनं दिवाळखोरी जाहीर केली. त्याच २०१९ या एका वर्षात औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे जगात थेट सुमारे १२ लाख ७० हजार माणसं गेली, असा अंदाज आहे.