करडी पडलेली फळी : रंग मारायच्या आधी हे वाचा



आपल्या बडोद्यात दिवाण भाऊ तांबेकरांचा वाडा आहे. एकोणिसाव्या शतकातला, चार मजली, आता पुरातत्त्व खात्याकडे. जुन्या शहराच्या पोळींमध्येही कोरीव लाकडाची घरं अजून उभी आहेत. म्हणजे लाकूड शंभर वर्षं टिकतं. मग आपल्या पडवीची नाहीतर केबिनची फळी सात-आठ वर्षांत का कुजते?

माझंच सांगतो. गणपती तोंडावर आले म्हणून घाईत पडवीच्या बाहेरच्या फळ्यांना ऑइलपेंट मारला. फळ्या आतून ओल्या होत्या. पुढच्या पावसाळ्यानंतर रंग फुगला, पापुद्रे सुटले. चाकू टोचला तर आत भुसा. चार फळ्या बदलल्या. घराचं ठीक आहे, पण बोटीत खलाशी झोल गेला की ज्या फळीला हात टाकतो, ती अशी निघाली तर?

फळी करडी का पडते? उन्हातले अतिनील किरण लाकडातला धागे धरून ठेवणारा पदार्थ तोडतात. पाऊस तो धुऊन नेतो आणि वर करडे धागे राहतात. हे वरच्या पातळ थरातच होतं, आत लाकूड बहुतेक वेळा चांगलं असतं. म्हणून करडी फळी म्हणजे सडकी फळी नव्हे. सड येते ती ओलीमुळे. लाकडातली ओल २० टक्क्यांच्या खाली ठेवली तर सडवणारी बुरशी वाढत नाही.

कामाचा क्रम असा ठेवा :

१) आधी टोच्याने तपासा. जोड, खिळ्याभोवती आणि फळीची टोकं नीट बघा. टोच्या सहज आत गेला तर ती फळी बदला. सडलेल्या लाकडावर रंग म्हणजे जखम न धुता पट्टी.

२) साध्या साबणाच्या पाण्याने आणि मऊ ब्रशने धुवा, मग गोड्या पाण्याने मीठ काढा. मीठ हवेतली ओल धरून ठेवतं. जोराच्या पाण्याचा पंप लावू नका, धागे उसवतात.

३) लोखंडी खिळ्याभोवती काळे डाग असतील तर ऑक्झॅलिक ॲसिड. एक लिटर कोमट पाण्यात साधारण १०० ग्रॅम, प्लास्टिकच्या बादलीत. डाग फिका पडला की भरपूर पाण्याने धुवा. हे विषारी आहे. हातमोजे आणि चष्मा लावा, पोरं आणि मासळीची भांडी लांब ठेवा. नवीन खिळे पितळी किंवा स्टेनलेसचे घ्या.

४) चांगलं ऊन असेल तर आठवडाभर सुकू द्या. पाण्याचा थेंब टाकून बघा. मिनिटभरात मुरला तर फळी तयार. थेंब वरच राहिला तर जुनं तेल-रोगण शिल्लक आहे.

५) ८० नंबरचा पॉलिश पेपर, मग १००-१२०, रेषेच्या दिशेने. त्याहून गुळगुळीत करू नका, स्टेन मुरत नाही. जुना रंग घासायचा असेल तर पाणी लावून घासा आणि तोंडाला मास्क बांधा. घरगुती रंगात शिशाची ९० पीपीएमची मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या रंगात शिसं असू शकतं.

६) बाहेरच्या कामाचा, रंगकण असलेला तेली स्टेन घ्या. रंगकण ऊन अडवतात. नुसत्या पारदर्शक वॉर्निशमधून ऊन आत जातं आणि पापुद्रा सुटतो. सावलीत, पातळ हात द्या, १५-२० मिनिटांनी न मुरलेला स्टेन फडक्याने पुसा. फळीच्या कापलेल्या टोकांना दोन-तीन हात द्या, पाणी सगळ्यात जास्त तिथूनच शिरतं.

सगळ्यात महत्त्वाचं : अळशीच्या तेलाचं किंवा तेली स्टेनचं फडकं बोळा करून टाकू नका. तेल सुकताना गरम होतं आणि फडकं काडी न लावता पेट घेतं. जवळ डिझेल आणि नायलॉनची जाळी असली म्हणजे विचार करा. फडकी पाण्यात बुडवा नाहीतर उघड्यावर पसरून सुकवा.

वेळ कुठली? पश्चिम किनाऱ्यावर बंदी १ जूनला लागते. बोटी मोकळ्या होतात, पण तेव्हा पाऊस असतो. म्हणून केबिनचं काम मे महिन्यातच उरका. घराचं काम दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत. पाण्याखालच्या तळाला हा स्टेन चालत नाही, त्याचा रंग वेगळा.

असा स्टेन ऊन-पाऊस बघून दोन-तीन वर्षं चालतो. पुन्हा देताना खरवडायची गरज नाही, धुवायचं, सुकवायचं आणि एक हात द्यायचा. एवढं केलं तर फळी पोरांच्या कामाला येईल.

आपला,
सचिव