इच्छामरण : निर्णय कुणाचा?

'इच्छामरण' म्हटलं की आपल्याला बाणांच्या शय्येवरचे भीष्म आठवतात. पण आपल्याकडे हा प्रश्न खऱ्या अर्थाने गाजला तो मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमुळे. अरुणा शानबाग ही तिथली नर्स. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तिथल्याच एका सफाई कामगाराने साखळीने गळा आवळून तिच्यावर अत्याचार केला. मेंदूला इजा झाली ती कायमची. तेव्हा तिचं वय होतं अवघं २५!

२००९ साली लेखिका पिंकी विराणी सुप्रीम कोर्टात गेल्या. त्यांचं म्हणणं, तिला भरवणं थांबवा, शांतपणे जाऊ द्या. नर्सेस म्हणाल्या, आम्ही तिला सांभाळू. आपण इंजिनिअरिंगवाले 'मशीन बंद करा' म्हणून मोकळे होऊ. पण अरुणा व्हेंटिलेटरवर नव्हतीच! मग बंद काय करायचं? ७ मार्च २०११ रोजी कोर्टाने विराणींची मागणी नाकारली. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने अरुणा गेली.

गंमत म्हणजे त्याच निकालाने दार किलकिलं झालं. इंजेक्शन देऊन मारणं म्हणजे सक्रिय दयामरण; तो आजही गुन्हा आहे. बरं होण्याची आशा नसताना उपचार थांबवणं म्हणजे निष्क्रिय दयामरण. त्याला हायकोर्टाच्या परवानगीने वाट मिळाली. ९ मार्च २०१८ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क कलम २१ मध्ये धरला आणि 'लिव्हिंग विल'ला मान्यता दिली. म्हणजे काय, तर शुद्धीत असतानाच लिहून ठेवायचं की अमुक अवस्थेत मला अमुक उपचार नकोत. २०२३ पासून त्यासाठी दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतात. वेळ आल्यावर डॉक्टरांची दोन मंडळं तपासून मत देतात.

सुट्टीत सायखेड्याला घरी हा विषय काढला. आजी म्हणाली, "हातपाय चालतायत तोवर देवानं न्यावं. कुणाला करायला लागू नये." गोदाकाठच्या घराघरात हेच ऐकू येतं. पण ही इच्छा की पोरांच्या खर्चाची भीती? विरोध करणाऱ्यांचा मुद्दा नेमका हाच आहे, आणि मला तो पटतो. म्हाताऱ्या माणसाला आपण ओझं आहोत असं वाटत असेल, तर त्याचा निर्णय मोकळा कसा?

तरीही लिहिलेलं असावं, असंच मी म्हणेन. अरुणाबद्दल सगळे बोलले, पण तिला काय हवं होतं, ते कुणालाच कळलं नाही.